बैठकीची उंची

खडकेवाडीच्या पंचायतीत धनगरवस्तीच्या विहिरीचा विषय पाचव्यांदा निघाला आणि पाचव्यांदाच राहून गेला, कारण नानासो पाटलांना बसायला जागा मिळेना. तशी चावडीत जागा चिक्कार होती. पाटलांना हवी होती ती इतरांपेक्षा चार बोटं उंच.

औंध संस्थानात गावचा कारभार गावाच्या हाती आला आणि खडकेवाडीनं पाच पंच निवडले. नानासो पाटील, लालासाहेब इनामदार, पलटणीतून पेन्शनीत आलेला कृष्णात हवालदार आणि दुकानदार आप्पासो, हे चौघे निवडून येणारच होते. पाचवा नाथाजी धनगर निवडून आला, याचं आश्चर्य खुद्द नाथाजीलाही वाटलं. पंच सगळे सारखे, असा वरचा हुकूम होता. म्हणून चावडीत एकच जाजम अंथरलं गेलं. ते चौघांतच संपलं आणि नाथाजी दाराशी उघड्या जमिनीवर बसला. तिथपर्यंत कुणाची काही तक्रार नव्हती.

पण इनामदारांच्या मांडीला मांडी लावून दुकानदार बसलेला पाहून पाटलांना घास गिळवेना. पुढच्या सभेला त्यांनी बुडाखाली घोंगडं घेतलं. त्याच्या पुढच्या सभेला इनामदार गादी घेऊन आले. हवालदारानं आपली लोखंडी ट्रंक आणली.

"ये ट्रंक सरकारी है," तो म्हणाला. "आन रँक म्हंजे रँक."

आप्पासोनं बिचाऱ्यानं पेंडीचं पोतं आणलं. मग पाटलांनी नाथाजीला गाठलं.

"नाथाजी, तुमच्या वस्तीवं घोंगडी लय आसतील. येताना चार घिऊन ये."

"आनतो की. पर आवं पाटील, आमच्या हिरीचं तेवढं..."

"आरं, बसल्याबिगर इषय कसा निघंल?"

घोंगडी चाराची सात झाली, साताची अकरा झाली. दर सभेला कोण कुणापेक्षा उंच यावर दिवस मावळायचा आणि विहीर पुढच्या सभेवर जायची. नाथाजी मात्र नेमानं ओझं वाहून आणत होता. त्याच्या वस्तीवरच्या बायका कोसभर लांबून पाणी आणायच्या. त्याची बायको रंगूबाई रिकामी घागर आपटून म्हणायची, "पांघरायची घोंगडी गेली चावडीत. पानी कवा येनार?" नाथाजीला मनापासून लाज वाटायची.

अशात औंधहून पंचायतींचं काम पाहणारे साहेब येणार असल्याचा निरोप आला. खादीचं धोतर नेसलेले, साठीला टेकलेले साहेब बैलगाडीत बसून आले. पाटलांनी त्यांच्यासाठी घरची खुर्ची आणून ठेवली होती. साहेबांनी खुर्ची पाहिली, अकरा घोंगड्यांचा ढीग पाहिला, ट्रंक पाहिली, आणि सरळ दाराशी जाऊन नाथाजीशेजारी जमिनीवर बसले. खरं तर गाडीच्या धक्क्यांनी त्यांची कंबर धरली होती आणि कडक जमिनीवर तिला बरं वाटत होतं.

"जमिनीसारखं सुख नाही," साहेब सुस्कारा टाकून म्हणाले.

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. सर्वांत मोठा माणूस खाली बसला म्हटल्यावर मान तिकडेच असणार, हे कुणी कुणाला सांगावं लागलं नाही. इनामदार गादीवरून घसरले. हवालदारानं ट्रंक सोडली. आप्पासो पोत्यावरून उतरला. पाटील ढिगावरून उतरून साहेबांकडे धावले, तोवर दाराशी दाटी झाली होती आणि साहेबांना खेटून नाथाजी बसलेला होता.

"ऊठ," पाटील दात ओठ खाऊन पुटपुटले. "सायबाच्या शेजारी बसतुयास व्हय रं? आपली पायरी वळख."

"मग जाऊ कुटं?"

"तकडं, वर! त्या घोंगड्यांवं!"

नाथाजी मुकाट्यानं उठला आणि अकरा घोंगड्यांवर चढून अंग चोरून बसला. खाली चौघे साहेबांना चिकटून बसले. पाटलांना कितीतरी दिवसांनी बैठक मनासारखी वाटली.

साहेबांनी मान वर केली. रापलेला, अंगात फाटकी बंडी घातलेला एकटा माणूस वर, आणि गावचे बाकी सगळे कारभारी खाली! त्यांचे डोळे भरून आले.

"मी शंभर गावं हिंडलो," ते म्हणाले, "पण गरिबाला वर बसवून बाकीचे खाली बसलेत, हे कुठं पाहिलं नाही. कुणी सुचवलं हे?"

पाटलांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आयती आलेली शाबासकी दुसऱ्यानं उचलावी, हे त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"म्याच की," ते म्हणाले.

"वा! मग आज पहिला विषय यांचाच घ्या. बोला हो, काय म्हणणं आहे तुमचं?"

नाथाजी ढिगावर जरा पुढं सरकला. मग एकदम म्हणाला, "सायेब, वस्तीवं हीर पायजे. बाया लय लांबनं पानी आनत्यात."

"यात नाही म्हणण्यासारखं काय आहे? काय पाटील?"

आता पाटील काय म्हणणार? ठराव झाला. जमिनीवर बसल्या बसल्या पहिली सही त्यांनीच केली, पाठोपाठ तिघांनी केली, आणि साहेब कंबर चोळत पुढच्या गावाला गेले.

गाडीची धूळ खाली बसायच्या आत पाटील ओरडले, "नाथ्या, उतर खाली!"

नाथाजी उतरला. ठरावाचा कागद बंडीत घातला. अकरा घोंगडी खांद्यावर घेता घेता त्यानं हात जोडून विचारलं, "पाटील, येक डाव सांगून ठेवा. फुडल्या सभंला मान वर आसनार का खाली? म्हंजे मला चुकीच्या जागी बसाया नगं."

पाटलांनी इनामदारांकडे पाहिलं. इनामदारांचं मत पडलं, मान वरच असतो. हवालदार म्हणाला, साहेब बसेल तिथं मान. आप्पासोला दोन्ही पटलं. पुढचे तीन महिने चावडीत सभा भरत होत्या त्या एवढ्याच विषयावर.

तोवर धनगरवस्तीवर विहिरीला वीस हातांवर पाणी लागलं. तळाशी गुडघाभर गाळात उभा राहून नाथाजी पाट्या भरून देत होता, आणि वरून रंगूबाई दोर ओढत होती. गावात तेव्हा त्याच्याइतकं खाली कुणीच नव्हतं. पण त्या जागेसाठी चौघांपैकी एकही भांडायला आला नाही.