पिंपाचा मुक्काम

या हिवाळ्यात आपल्याच दुकानातल्या शेगडीपुढे बूट काढून निवांत बसायचं, असं आल्मायरा पेकनं ठरवलं होतं. आपण ठरवलं की ते होतंच, हेही तिनं गावभर सांगून ठेवलं होतं.

आड येत होतं ते शेगडीजवळचं क्रॅकर बिस्किटांचं पिंप. सासऱ्यांच्या काळी त्यात खलाशांची दगडासारखी बिस्किटं असत. पुढे कणकेत सोडा पडू लागला, बिस्किटं हलकी झाली. खाणारे मात्र जागचे हलले नाहीत. अमेरिकेतल्या व्हरमाँटची शेतं बर्फाखाली गेली की झेनस टटल आणि हार्लन कॉब हे शेतकरी सकाळीच येऊन पिंपाला पाय टेकवत आणि दिवेलागणीपर्यंत वॉशिंग्टनचा कारभार सुधारत बसत. बायका त्यांना ‘पिंपपंचायत’ म्हणत. त्यांचे पाय ओलांडून ओलांडून आल्मायराचे पाय भरून येत.

शेवटी तिनं मेणकागदाच्या पुड्यांतली क्रॅकर मागवली आणि पिंप, आतल्या मालासकट, चर्चच्या सभागृहाला देऊन टाकलं. पुड्याचा कागद भलताच वाजे. कोण फुकटात कितवं खातोय ते साऱ्या दुकानाला कळे. पंचायत पिंपामागोमाग सभागृहात गेली. आपल्या प्रवचनांना अखेर गुण आला, असं पाद्री व्हिटकम यांना वाटलं.

आल्मायरानं बूट काढले. बोटांना जरा कुठे ऊब लागतेय तोच दार उघडलं. झेनस आणि हार्लन पिंप गडगडवत आत आले, मागून पाद्रीबाबा.

“पेकबाई, तिथली शेगडी नुसती धुमसते,” झेनस म्हणाला. “सगळी क्रॅकर सादळली.”

“मग टाकून द्या.”

“अन्न टाकायचं? बाबांच्या देखत?”

हार्लनची आजी म्हणे सादळलेली क्रॅकर शेगडीजवळ पसरून पुन्हा कुरकुरीत करी. त्यानं आल्मायराच्याच फळीवरचे बिस्किटं भाजायचे पत्रे उतरवून त्यांवर क्रॅकर मांडायला सुरुवातही केली.

“किती वेळ लागेल?” आल्मायरानं विचारलं.

“हवेवर आहे, बाई. मधूनमधून चाखत राहावं लागेल.”

पाद्रीबाबा थंडीनं कुडकुडत उभे होते. त्यांना उभं कसं ठेवायचं? तिनं पायांत पुन्हा बूट चढवले आणि आपली खुर्ची पुढे केली.

पाद्रीबाबा बसले, तिला आशीर्वाद दिला आणि बूट काढले.