प्रितम उजागरे यांचे कठीण हृदय

बुधवारच्या भगिनी मंडळाला जाताना दिपाली उजागरेने घरूनच ठरवलं होतं, की नवऱ्याविषयी चारचौघींत काही बोलायचं नाही. चिखलीतल्या त्यांच्या चर्चच्या मंडळीत दर बुधवारी बायका गोल करून बसत आणि प्रत्येकीला प्रार्थनेचा एक विषय द्यावा लागे. विषय नाही म्हणणारीच्या घरात नक्की काहीतरी मोठं बिनसलंय, असं बाकीच्या धरून चालत. त्यामुळे काही नसलं तरी एखादा दुखरा गुडघा, एखादी नणंद पुढे करावी लागे.

दिपालीकडे खरा विषय होता. तिचा नवरा प्रितम महाळुंग्याच्या एका कंपनीत प्रेस शॉपला सुपरवायझर होता. माणूस सरळ, निर्व्यसनी. पण विश्वासात वाढणं वगैरे जे काही असतं, ते खातं त्याने लग्नानंतर बायकोकडे देऊन टाकलं होतं. उपदेश सुरू झाला की त्याला झोप लागे. बायबल उशाशी असायचं, पण त्यावर मोबाईल चार्जिंगला लावलेला असायचा. एवढं तिने चालवून घेतलं असतं. चालत नव्हतं ते हे, की रहाटणीला राहणाऱ्या सख्ख्या थोरल्या भावाशी, दादासाहेबांशी, त्याने बोलणं टाकलं होतं.

कारण एक फोटो. दादासाहेबांच्या मुलीच्या लग्नात केटररची माणसं कमी पडली, म्हणून प्रितम स्वतः भात वाढायला उभा राहिला. तेवढ्यात वर स्टेजवर घरच्या मंडळींचा फोटो काढून झाला. त्या फोटोत कडेला केटरर होता, काका नव्हता. तेव्हापासून घरात दादासाहेबांचं नाव निघालं की प्रितम उठून बाल्कनीत जाई आणि विषय संपेपर्यंत परत येत नसे.

मंडळाच्या प्रमुख गिरजाबाई. शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण हजेरी घ्यायची सवय गेली नव्हती. त्यांनी गोलात एकेकीला विचारत दिपालीकडे पाहिलं. दिपालीला खोटं बोलायचं नव्हतं आणि घरातलं भांडणही बाहेर काढायचं नव्हतं. पाळकसाहेब महिनाभर कठीण हृदयावरच उपदेश करत होते, तो शब्द तिला सापडला.

"ह्यांच्या हृदयासाठी प्रार्थना करा," ती म्हणाली. "फार कठीण झालंय."

गिरजाबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. दिपालीला वाटलं, किती समजूतदार बायका आहेत, एक अक्षर विचारलं नाही.

विचारलं नाही, कारण विचारायचं काही उरलंच नव्हतं. गिरजाबाई फोनवर एक प्रार्थना साखळी चालवत. चहा यायच्या आत त्यांनी साखळीवर टाकलं: बंधू प्रितम उजागरे, हृदय, फार कठीण, तातडीने प्रार्थना करावी. पुढे कोणीही खोटं बोललं नाही. प्रार्थना मोघम नसावी म्हणून ज्याने त्याने आपल्यापरीने नेमकेपणा आणला. निगडीच्या मंडळीत ब्लॉकेज निघाले, काळेवाडीत ते दोन झाले आणि पिंपरीत पोचेपर्यंत बायपास ठरली.

दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट करून प्रितम घरी आला, बनियनवर बसून कांदाभजी खात होता. बेल वाजली. मंडळीतले एक नवरा-बायको सफरचंदं घेऊन आले होते. प्रितम उठायला लागला तर दोघांनी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. नवऱ्याने त्याच्या हातातली भज्यांची बशी अलगद काढून घेतली आणि स्वतःच्या बायकोकडे दिली. मग डोळे मिटून प्रार्थना झाली. डोळे उघडले तेव्हा बशीत भजी बरीच कमी होती. त्यांच्या मागोमाग आणखी लोक आले. चर्चने घरभेटींचा काही कार्यक्रम काढला असावा, असं समजून प्रितम सगळ्यांना सलाम करत राहिला. जाताना एकाने त्याचा हात दाबून सांगितलं, की आता डॉक्टरी विद्या फार पुढे गेली आहे, आपण धीर सोडायचा नाही.

प्रितमने धीर धरलेलाच नव्हता, त्यामुळे सोडायचं काय ते त्याला कळेना. मग आठवलं, आठवड्यापूर्वी कंपनीत सगळ्यांची मेडिकल तपासणी झाली होती आणि रिपोर्ट अजून आले नव्हते.

सकाळी कंपनीत गेला तर मॅनेजर दिग्विजय साहेबांनी त्याच्यासाठी पंख्याखाली खुर्ची मांडून ठेवली होती. मंडळीतला प्रज्वल प्रितमच्याच लाइनला कामाला होता, त्याच्याकडून बातमी आली होती. साहेब म्हणाले, "उजागरे, बसा राव तुम्ही. प्रेसचा आवाज तुम्हाला चांगला नाही." इतक्या वर्षांत या माणसाने कोणाला बसा म्हटलेलं प्रितमने ऐकलं नव्हतं. त्या खुर्चीत बसल्यावर त्याला पहिल्यांदा छातीत काहीतरी जाणवलं.

संध्याकाळी घरमालक गेनूभाऊ भेटले. चिखलीचे जुने शेतकरी. शेतात आता इमारती उगवल्या होत्या, पण बोलणं होतं तसंच होतं. ते म्हणाले, "तुमी जिना चढू नगा. खालची खोली मी मोकळी करून देतो. रंगाचं, दुरुस्तीचं काय आसंल ते म्होरं वहिनींशी बोलीन मी."

म्होरं वहिनींशी, हे प्रितमला ऐकू आलं. तो त्या रात्री जेवला नाही.

बायकोला विचारायचं त्याच्या मनात आलं. पण तिला सगळं ठाऊक आहे आणि आपल्यापासून लपवताना तिला किती यातना होत असतील, या विचाराने त्याने विचारलं नाही. नळ सोडून बाथरूममध्ये थोडा रडला. बाहेर आला तो वेगळाच माणूस होऊन. मोबाईल बाजूला ठेवून त्याने बायबल उघडलं. हातात वेळ किती आहे याचा अंदाज नसल्याने शेवटाकडून सुरुवात केली. तिथे जगाच्या अंताविषयी जे वाचलं त्याने आणखी घाबरला आणि मग नियमितपणे वाचू लागला. रविवारी उपदेशाला ताठ बसला, वर टिपणंही काढली. शेजारच्यांचा कुत्रा जिन्यात बसतो म्हणून वर्षभर भांडत होता, त्या कुत्र्याला त्याने बिस्किटं घातली.

दिपाली हे पाहून थक्क झाली. इतक्या वर्षांत जे झालं नाही ते प्रार्थनेने आठवड्यात झालं. तिने देवाचे मनापासून आभार मानले. मग भाजी घेताना काळेवाडीच्या एका ओळखीच्या बाईने विचारलं, की बायपास कुठल्या हॉस्पिटलला आहे. दिपालीच्या डोक्यात सगळं एकदम लख्ख झालं. भाजी तिथेच ठेवून ती गिरजाबाईंच्या घरी गेली आणि ह्यांना काहीच झालेलं नाही, मी स्वभावाचं म्हणत होते, असं तिने एका दमात सांगून टाकलं.

गिरजाबाईंनी चष्मा पुसला. "उपदेशात झोपतात का अजून?"

"नाही. टिपणं काढतात."

"बायबल?"

"सकाळ-संध्याकाळ."

"मग देवाच्या कामात आपण मध्ये कशाला पडायचं?" गिरजाबाई म्हणाल्या.

दिपालीला ते पटायला नको होतं. पण घरी येईपर्यंत बरंचसं पटलं. रोप जरा मूळ धरू दे, मग सांगू, असं तिने ठरवलं आणि नवऱ्यासाठी बिनतेलाची भाजी टाकली.

त्याच संध्याकाळी दारात दादासाहेब उभे राहिले. रहाटणीपर्यंत बातमी पोचायला उशीर झाला होता, पण पोचली ती पुरी होऊन पोचली होती. सोबत त्यांची बायको आणि पिशवीभर शहाळी. घरात मंडळीतली चार माणसं बसलेली. त्यांच्यासमोर दोघे भाऊ एकमेकांकडे पाहत राहिले आणि मग दादासाहेबांनी पिशवी खाली टाकून धाकट्याला मिठी मारली.

"दादा, मी उगाच धरून बसलो," प्रितम म्हणाला.

"नाही रे. तू भात वाढत होतास ते मला वरून दिसत होतं. म्हटलं, हा वाढून झाला की बोलावू. आणि विसरलो." दादासाहेब मोठ्याने रडू लागले. "सख्ख्या भावाला विसरलो मी."

आत ओट्याशी उभी राहून दिपालीही रडत होती. सांगायची वेळ हीच होती आणि नेमकं आत्ता सांगणं शक्य नव्हतं.

सोमवारी कंपनीत रिपोर्ट आले. कंपनीच्या डॉक्टरांनी कागद चाळून सांगितलं, की हृदय उत्तम आहे, तळलेलं तेवढं जपून खा. प्रितमने त्यांना दोनदा विचारलं. मग बायकोला तुम्ही काय सांगितलंत, असंही विचारलं. डॉक्टर म्हणाले, की तुमची बायको कोण हे मला माहीत नाही.

घरी येऊन त्याने दिपालीला समोर बसवलं. तिने बुधवारपासून सगळं सांगितलं, गिरजाबाईंचं शेवटचं वाक्यदेखील. तो उठून बाल्कनीत गेला. दिपाली वाट पाहत बसली. बऱ्याच वेळाने तो आत आला.

"म्हणजे माझ्या स्वभावासाठी अख्ख्या पिंपरी-चिंचवडने प्रार्थना केली?"

"हो."

"एवढी लागली?"

"एवढी लागली," दिपाली म्हणाली.

तो हसला. त्याला हसू आलेलं पाहून ती घाबरली, कारण पूर्वीचा प्रितम अशा वेळी जेवण सोडत असे. प्रितमने सांगितलं, की रविवारी उभं राहून जे खरं ते मंडळीला सांगायचं, तुझं आणि गिरजाबाईंचं नाव न घेता.

रविवारी पाळकसाहेबांनीच त्याला साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपलं काय भलं केलं ते सांगायला, पुढे बोलावलं. प्रितम उभा राहिला आणि म्हणाला, "मला काही झालंच नव्हतं. रिपोर्ट नॉर्मल आहेत." टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याने हात वर करून पुन्हा सांगितलं, की आधीही नव्हतं, कधीच नव्हतं. पाळकसाहेबांचे डोळे पाणावले. आजाराची खूणसुद्धा उरली नाही, असं ते मंडळीला समजावून सांगू लागले. पहिल्या रांगेत गिरजाबाई सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होत्या. उपासना संपायच्या आत निगडीच्या मंडळीकडून पुढच्या रविवारच्या साक्षीचं आमंत्रण आलं.

एकच माणूस टाळ्या वाजवत नव्हता. खास रहाटणीहून येऊन शेवटच्या रांगेत बसलेल्या दादासाहेबांनी भावाचं प्रत्येक वाक्य नीट ऐकलं होतं. बाहेर स्कूटरपाशी त्यांनी त्याला गाठलं.

"म्हणजे तू ठणठणीत होतास?"

"हो दादा."

"आणि मी चार लोकांत ढसाढसा रडलो."

प्रितम काही बोलायच्या आत त्यांनी स्कूटर काढली. त्यांची बायको पिशव्या सावरत मागून पळत गेली, तेव्हा कोपऱ्यावर थांबून त्यांनी तिला घेतलं. त्या दिवसापासून दादासाहेबांनी प्रितमचा फोन उचलला नाही.

निगडीच्या साक्षीला प्रितम गेला नाही. त्या रविवारी उपासना झाल्यावर तो एकटाच रहाटणीला गेला. वहिनींनी दार उघडलं आणि डोळ्यांनी आतल्या खोलीकडे खूण केली. आतून दादासाहेबांचा आवाज आला, "मी घरी नाही म्हणावं."

पूर्वीचा प्रितम तिथूनच जिना उतरला असता. हा आत आला, चपला काढल्या आणि हॉलमध्ये सोफ्यावर बसला. वहिनींनी चहा दिला. तो प्यायला. पेपर वाचला, शब्दकोडं सोडवलं. वहिनींनी जेवायला वाढलं तर नको न म्हणता जेवला. आतल्या खोलीत अधूनमधून कॉट करकरत होती. मग येरझाऱ्यांचा आवाज यायला लागला, आधी सावकाश, मग भराभर. त्या फ्लॅटला संडास एकच होता आणि त्याचं दार हॉलमध्ये होतं.

प्रितमने पाय वर घेऊन मांडी घातली.

"वहिनी, काही घाई नाही," तो जरा मोठ्याने म्हणाला. "दादा घरी आला की सांगा, मी बसलोय."