वैद्यांचं डिपॉझिट

"मुलगी नाकीडोळी नीटस आहे, शिकलेली आहे, स्वभावानं गरीब आहे," प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "पण तिच्या वडलांचं डिपॉझिट तीनदा जप्त झालंय."

बसवनगुडीतल्या त्या घरात चहाचे कप जागच्या जागी थांबले. श्रीकांतनं आईकडून वडलांकडे पाहिलं. आप्पाजींनी बशीकडे पाहिलं, कारण ती तिन्ही डिपॉझिटं त्यांनीच घालवली होती.

हळदीबंदर हा किनाऱ्यावरचा मतदारसंघ. बावन्न साली आप्पाजी तिथून मुंबईच्या विधानसभेत गेले. पुढे राज्यांची वाटणी होऊन बंदर म्हैसूर राज्यात आलं आणि सत्तावन्नला आप्पाजी बंगळुरात आले. बासष्टला पुन्हा आले. राज्य बदललं, राजधानी बदलली, भाषणाची भाषा बदलली. आमदार काही बदलला नाही. समोर दर खेपेला उमेदवारही एकच, हयवदन वैद्य, अपक्ष, निशाणी शिडी. सगळं बंदर त्यांचा काढा फुकट पिऊन बरं होई आणि खणखणीत प्रकृतीनं जाऊन आप्पाजींना मत देई. पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. वैद्यांची पेटी रिकामी समजून एक शिपाई तिच्यावर विडी ओढत बसला होता, असं बंदरात अजून सांगतात.

या वैद्यांची प्रेमा बसवनगुडीतच एका शाळेत शिकवत असे. बंदराहून येणारा माणूस तिच्यासाठी काढ्याची बाटली आणी ती आप्पाजींच्या घरी, आणि ती न्यायला प्रेमा दर शनिवारी येई. वर्षभर इतका काढा घेणारी मुलगी मुळात आजारी का दिसत नाही, हा प्रश्न प्रमोदिनीबाईंना पडला तेव्हा उशीर झाला होता. श्रीकांत कारखान्यातून शनिवारी लवकर घरी येऊ लागला होता.

"लग्नात लोक काय म्हणतील?" प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "आहेरात डिपॉझिट परत केलं म्हणतील."

"मग मी काय करू?" आप्पाजी म्हणाले. "पडू?"

"पडायला कोण सांगतंय तुम्हाला. एवढ्या खेपेला त्यांचं डिपॉझिट तेवढं वाचू दे. मी स्वतः साखरपुडा घेऊन जाते."

सदुसष्टची निवडणूक तोंडावर होती. प्रेमाला धारवाडचं एक स्थळ आलं होतं आणि ते निवडणूक होईपर्यंतच थांबणार होतं. डिपॉझिट वाचायला पडलेल्या मतांचा सहावा हिस्सा लागतो. आप्पाजींच्या दृष्टीनं ही मुलाच्या लग्नाची अगदी स्वस्त किंमत होती.

बंदराचा माणूस बंगळुरात आला की आप्पाजींकडेच उतरे. पत्ता विचारावा लागत नसे. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून सुक्या बांगड्यांच्या वासामागून चालत गेलं की घर येई. पहिला सापडला तो होडीवाला खंडोजी.

"खंडोजी, तुमच्या वाडीची मतं यंदा शिडीला द्या."

खंडोजीनं हातातलं पानच खाली ठेवलं. "आप्पाजी, आमचं काही चुकलं काय?"

"नाही हो. वैद्यांची लाज राखायची आहे. कुणाला बोलायचं मात्र नाही."

"लई बरं झालं बघा," खंडोजी म्हणाला. "माझा पाय मोडला तेव्हा त्यांनीच बसवला. त्या पायानं चालत जाऊन तुम्हाला मत देताना दर खेपेला लाजल्यासारखं व्हायचं."

एवढ्यावर काम झालं होतं. पण पंधरा वर्षं सरकारी कचेऱ्यांत घालवून आप्पाजी एक गोष्ट शिकले होते: काम एकाला सांगितलं तर होत नाही, तिघांना सांगावं, म्हणजे एक जण करतो. म्हणून त्यांनी पुढच्या पाहुण्यालाही सांगितलं. त्याच्या पुढच्यालाही. हे कुणावर सोडून चालणार नाही, असं वाटून प्रमोदिनीबाईंनी बंदराहून आलेल्या प्रत्येक बाईच्या कानात सांगितलं. श्रीकांतचा तर दोघांवरही भरवसा नव्हता. त्यानं मतदानाला गावी निघालेल्या कारखान्यातल्या पोरांना यशवंतपूर स्टेशनावर चहा पाजून सांगितलं. प्रत्येकाला बजावलं होतं, कुणाला बोलू नका. हळदीबंदराच्या इतिहासात गुपित गुपित राहिलं ते याच एका खेपेला.

आप्पाजी प्रमोदिनीबाईंना घेऊन मतदानापुरते बंदरावर गेले, सगळ्यांना नमस्कार करून आले. लोक यंदा त्यांच्याकडे जरा जास्तच प्रेमानं बघत होते.

निकालाच्या दिवशी खंडोजीचा ट्रंककॉल आला.

"आप्पाजी, काम झालं."

"डिपॉझिट वाचलं वैद्यांचं?"

"वाचलं म्हणजे काय, निवडून आले."

आप्पाजींनी रिसीव्हर या कानाचा त्या कानाला लावला. "आणि मी?"

"तुम्ही तुमच्यासाठी काही सांगितलंच नव्हतं," खंडोजी म्हणाला. "आम्हाला वाटलं, तुम्हाला काय, बाकीचे देतीलच."

चार दिवस घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. पाचव्या दिवशी दारात टांगा थांबला. ट्रंक, काढ्याची बाटली आणि हयवदन वैद्य उतरले. मागे प्रेमा, मान खाली घालून.

"बंदराचा माणूस इथंच उतरतो ना?" वैद्यांनी विचारलं.

"या," आप्पाजी म्हणाले. "अभिनंदन."

वैद्य खुर्चीच्या कडेवर टेकले. "आप्पाजी, मी आलोय वेगळ्याच कामाला. मुलांचं मला कळलं. मला पसंत आहे. पण हिची आई अडून बसलीय. म्हणते, पडलेल्या माणसाच्या घरात मुलगी कशी द्यायची?"

प्रमोदिनीबाई पदर खोचून पुढे झाल्या.

"पडले असतील. पण डिपॉझिट वाचलंय म्हटलं यांचं."

"जेमतेम," वैद्य हळूच म्हणाले. "मतदानाच्या आदल्या दिवशी मला वाऱ्याची दिशा कळली. घाबरलो. खाडीपलीकडे जाऊन घरोघर सांगितलं, थोडी तरी आप्पाजींना द्या, इतक्या वर्षांचा माणूस आहे. लोक माझीच नाडी बघायला लागले." ते थांबले. "माझं स्वतःचं मतही तुम्हालाच दिलं."

आप्पाजींनी खुर्ची वैद्यांच्या जवळ ओढली. मग म्हणाले, "माझं मी शिडीला दिलं."

"माझंही शिडीलाच," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "आणि तुमच्या घरातून?"

"मताच्या बाबतीत बायको माझ्या शब्दाबाहेर नाही. तिनंही यांनाच दिलं."

"म्हणजे आमचं घर तुमच्या बाजूचं, तुमचं घर यांच्या बाजूचं. मग लग्नाला विरोध करणारं राहिलं कोण? त्यांना म्हणावं, स्वतः ज्याला मत दिलंत त्याच्या घरात मुलगी द्यायला काय हरकत आहे?"

वैद्यांनी थोडा विचार केला. "सरी," ते चक्क कानडीत हो म्हणाले. बंगळुरात येऊन त्यांना तासही झाला नव्हता.

लग्न वैशाखात झालं. आमदार निवासातलं जेवण वैद्यांच्या प्रकृतीला मानवेना, म्हणून ते आप्पाजींच्या मागच्या खोलीत राहू लागले. पावसाळ्याच्या तोंडावर खंडोजी आला. गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला, वास घेतला आणि बिनचूक दारात आला. ओटीवर दोघं शेजारी बसलेले पाहून हातातला अर्ज कुणाकडे द्यावा हे त्याला कळेना.

"द्या कुणाकडेही," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

"वहिनी," तो कुजबुजला, "गावात सगळे हळहळतात. इतक्या वर्षांची सीट गेली म्हणतात."

"गेली कुठली?" त्यांनी त्याच्या बशीत चहा ओतला. "व्याह्यांकडे ठेवलीय."