चंपा मॅन्शनचा पहिला मजला

देवचंद पटले यांच्या पत्नी शामकलाबाई यांच्या कमरेचे हाड मोडले. ते यथावकाश जुळले. मात्र खाली बसायला डॉक्टरांनी कायमची मनाई केली. घरात एक कमोड बसवणे एवढेच काम त्यानंतर उरले होते.

घर म्हणजे गोंदियाच्या जुन्या गंज बाजारातल्या चंपा मॅन्शनचा अख्खा पहिला मजला. तेंदूपत्त्याच्या एका ठेकेदाराने १९३८ साली तो हौसेने बांधला होता. आठ खोल्या, बर्मा सागवान, वेलबुट्टीच्या फरशा आणि रस्त्यावर झुकलेला गोल सज्जा. पुढे धानाची अडत चांगली चालली तेव्हा देवचंदजींच्या वडिलांनी तो विकत घेतला. एवढ्या ऐसपैस घराला संडास मात्र एकच. मागच्या गॅलरीच्या टोकाला, आणि तोही उकिडवे बसायचा.

देवचंदजी सरळमार्गी. गवंड्याला बोलावण्याआधी त्यांनी नगरपरिषदेकडे परवानगीचा अर्ज केला. तिथेच सगळे बिघडले.

अर्जातले '१९३८' पाहून कार्यालयाने तो पुरातन निवास संवर्धन उपसमितीकडे पाठवला. ही उपसमिती दोन वर्षांपासून कार्यरत होती. तिच्याकडे कमी होता तो फक्त पुरातन निवास. सदस्य-सचिव हेमेंद्र बावनथडे आले, चपला काढून फरशांवरून फिरले आणि त्यांचे डोळे पाणावले.

"पटलेजी, तुमाले माहीत तरी आहे का, तुम्ही कशात राहून राहिले?"

"घरात."

"वारशात!"

"बरं जी. मंग कमोडचं कसं?"

महिनाभरात आदेश आला. वास्तू मूळ स्वरूपात जतन करणे बंधनकारक असल्याने कमोड नामंजूर. शिवाय उपसमितीच्या हाती मूळ नकाशा लागला होता आणि त्यात गॅलरीतला संडासही नव्हता. तो १९६१ सालचा निघाला, म्हणजे अतिक्रमण. त्याला सील लागले.

"अडतीस साली लोक कुठं जात होते जी?" शामकलाबाईंनी विचारले.

"त्याबाबत अभिलेख उपलब्ध नाही," बावनथडे नम्रपणे म्हणाले.

शामकलाबाई समोरच्या शांतीबाईंकडे जाऊ लागल्या. काठी टेकत जिना उतरायचा, ट्रक चुकवत रस्ता ओलांडायचा, पलीकडचा जिना चढायचा. दुपारनंतर त्यांनी पाणी पिणेच सोडले. ओठ कोरडे पडलेली बायको पाहून देवचंदजी पुन्हा कागद काढून बसत. ते दर आठवड्याला नवा अर्ज करत. प्रत्येक अर्जाची पोच मात्र चोख मिळे.

मग वारसा पर्यटनाला खुला करायचे ठरले. नागझिऱ्यात ज्यांना वाघ दिसला नाही, त्यांना परतीच्या वाटेवर काहीतरी दाखवणे आवश्यक होते. जिन्यापाशी तिकीट-खिडकी बसली, पाच खोल्यांना दोऱ्या लागल्या. ट्यूबलाइट उतरल्या. फ्रिज 'काळाशी विसंगत' ठरून जिन्याखाली गेला. पुढच्या तपासणीत शामकलाबाईंचा गाऊनही विसंगत आढळला. दहा ते पाच या वेळेत रहिवाशांनी धोतर-लुगड्यात वावरावे, अन्यथा दर्शनी भागात दिसू नये, असे परिपत्रक निघाले. पटले दाम्पत्याने न दिसण्याचा पर्याय निवडला आणि धान्याच्या कोठीत बिऱ्हाड हलवले.

अखेर पर्यटकांच्या सोयीसाठी स्वच्छतागृह मंजूर झाले. जागा ठरली शामकलाबाईंच्या निजायच्या खोलीत. पांढराशुभ्र कमोड, धरायला दोन्ही बाजूंना स्टीलचे दांडे. अगदी डॉक्टरांनी सांगितले होते तसे.

"आता मूळ स्वरूप कुठं गेलं?" देवचंदजींनी विचारले.

"ही सुविधा आहे. निवासाचे नियम सुविधेला लागू नाहीत."

"मंग आमची बाई जाईल तिथं."

"त्या पर्यटक आहेत का?"

"पन्नास वर्सं झाली तिले या घरात!"

"तेच तर. पर्यटक एवढा थांबत नाही."

"काऊन जी? एवढं काऊन करून राहिले तुम्ही?" देवचंदजींचा आवाज फाटला. बावनथड्यांनी प्रश्न लेखी मागितला.

 दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला शामकलाबाई तिकीट-खिडकीवर उभ्या होत्या.

"कितने लोग?" खिडकीतल्या मुन्नालालने मान वर न करता विचारले.

"एक."

दिवसातून चारदा त्या तिकीट काढून स्वतःच्या निजायच्या खोलीत जाऊ लागल्या. देवचंदजी पिशवी धरून रांगेबाहेर थांबत आणि ओळखीचे कोणी दिसले की जमिनीकडे बघत. पर्यटकसंख्या वाढल्याबद्दल उपसमितीचा सत्कार झाला.

डिसेंबरात तुम्हीही येऊन गेलात. रांगेत तुमच्यापुढे काठी टेकलेली एक बाई घाईत होती. "आजी, जरा बाजूला होता का? सज्जा फोटोत येत नाहीये," असे तुम्ही अगदी सभ्यपणे म्हणालात आणि ती बाजूला झाली. चार फोटो होईपर्यंत थांबली. जाताना तुम्ही अभिप्रायवहीत लिहिलेत : 'अशी घरं जपलीच पाहिजेत.' खाली तुमची लफ्फेदार सही आहे.