एकशे दहाच्या वेगाचा मुंगूस

एका जंगलात, मुलांनो, सगळं होतं. झरा होता. झऱ्यावर पाणचक्की होती. पाणचक्कीवर वीज तयार व्हायची. आणि वीज असल्यामुळे कुणालाच वेळेवर झोप येत नव्हती.

त्या जंगलात खुशाल नावाचा एक तरुण मुंगूस राहायचा.

मुंगूस काय चीज असते ते तुम्हाला ठाऊक असेलच. नाग फणा काढून 'आता डसावं का' असा विचार करतो, तेवढ्यात मुंगूस त्याची मान धरून मोकळा झालेला असतो. हे त्याला कुणी शिकवत नाही. खुशाललाही कुणी शिकवलं नव्हतं. फुकट मिळालेली गोष्ट, त्यामुळे ती आपल्याकडे आहे हे त्याच्या लक्षातच नव्हतं.

जंगलात 'बिळोबीळ' नावाचा कॉम्प्युटर गेम सगळे खेळायचे. पडद्यावर बिळं दिसायची. कुठल्याही बिळातून साप डोकं काढायचा. डोकं दिसलं की टोला हाणायचा. पाच मिनिटांत किती टोले, एवढाच हिशेब. दर संक्रांतीला मोठ्या कातळावर निवड व्हायची आणि पाच जणांचा संघ पलीकडच्या खोऱ्याशी सामना खेळायला जायचा. यंदा चार जागा भरल्या होत्या. एकच उरली होती.

"ती मिळाली तर खेळ," खुशालची आई म्हणाली. "नाही मिळाली, तर मामाच्या गोदामात जायचं. उंदीर धरायला. मामानं तुझ्यासाठी पोतं अंथरूनसुद्धा ठेवलंय."

तेव्हापासून खुशालला डोळे मिटले की पोतं दिसायचं.

त्याचे टोले एकशे नव्वदपर्यंत जायचे. जागा मिळायला दोनशे लागायचे. म्हणजे कमी पडत होते दहा. रोज तासभर सराव केला असता तर दहा टोले महिनाभरात सहज वाढले असते. पण सराव काय, कुणीही करतं.

अशा वेळी त्याला शूरसेन रानकोंबड्याचा व्हिडिओ सापडला.

"उठा, जंगलवासीयांनो!" शूरसेन आरवला. "तुमचा डेस्कटॉप झोपलाय! बनवणाऱ्यांनी त्याला मुद्दाम हळू ठेवलाय! सेटिंगमध्ये जा! क्लॉक वाढवा! या गुलामगिरीतून मोकळे व्हा!"

खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'यंत्र जळाल्यास कोंबडा जबाबदार नाही.'

याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. क्लॉक म्हणजे यंत्राची चाल. नीट चालणाऱ्याला पळायला लावायचं आणि त्याला धाप लागली की पंख्यानं वारा घालायचा. खुशालच्या अंगावर काटा आला. आपल्यावर इतकी वर्षं अन्याय होत होता आणि आपल्याला पत्ताही नव्हता!

डेस्कटॉपचं कॅबिनेट पाठीवर घेऊन तो दामूकाकांकडे गेला. दामूकाका म्हणजे खवले मांजर. वारुळाशेजारी त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं.

"काका, मोठा पंखा बसवा. क्लॉक वाढवतोय."

"कशासाठी रे?"

"माझं यंत्र सेकंदाला नव्वद चित्रं काढतं. मला एकशे दहा हवीत."

"आणि पडदा किती दाखवतो?"

"साठ."

दामूकाकांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे तीस आत्ताच कुणाला दिसत नाहीत. आता पन्नास दिसायची नाहीत म्हणतोस?"

"काका, तुम्हाला नाही कळायचं. आमच्या पिढीला वेगाचं महत्त्व कळतं."

"बरं बाबा." काकांनी कॅबिनेट उघडलं आणि जुन्या पंख्यातून करड्या केसांचा गोळा बाहेर काढला. चांगला लिंबाएवढा होता. "हे बघ, तुझेच आहेत. दर आठवड्याला एवढं साफ करत जा, यंत्र निम्मं गार राहील. मोठ्या पंख्याचीही गरज नाही. आणि वेळ उरला तर थोडं खेळत जा."

पण मुलांनो, केस साफ करून कुणाचं नाव झालंय? खुशाल मोठा पंखा बसवूनच घरी आला.

मग त्यानं क्लॉक वाढवलं. यंत्र पंच्याण्णववर गेलं. आणखी वाढवलं. पडदा निळा पडला आणि यंत्र बंद. थोडं कमी केलं, पुन्हा सुरू केलं. अठ्ठ्याण्णव. पुन्हा निळा. वीज थोडी जास्त सोडली. एकशे एक! खुशालनं घरभर तीन चकरा मारल्या.

त्याचे दिवस असेच जायला लागले. गेम सुरू करायचा, पडद्याच्या कोपऱ्यातला वेगाचा आकडा बघायचा, गेम बंद करायचा. साप बिचारे बिळांतून डोकं काढायचे, टोला येत नाही असं बघून परत जायचे.

मित्र भेटले की विचारायचे, "किती?"

"एकशे चार."

"बाप रे! एकशे चार!"

टोले किती, हे कुणी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

एका दुपारी दारात सगुणामावशी आली. सगुणामावशी म्हणजे शेजारची घोरपड. घोरपडीचं रक्त गार. ऊन असलं तर ती चपळ, नाहीतर तिचं सगळंच संथ. पौषाच्या गारठ्यात तर ती "कसा आहेस" म्हणायला सुरुवात करायची तेव्हा समोरचा दारात असायचा, आणि तिचं वाक्य संपेपर्यंत तो घरी जाऊन जेवायला बसलेला असायचा.

"खुशाल... बाळा..." मावशी म्हणाली.

खुशालनं तेवढ्यात दोनदा क्लॉक बदललं.

"तुझं ते खोकं... फार... गरम होतं म्हणे. मी जरा... वर बसू का?"

"बस की. फक्त पंख्याच्या जाळीवर शेपूट ठेवू नकोस."

मावशी कॅबिनेटवर चढून बसली. सोबत तिचा जुना लॅपटॉप होता. त्याची दोन बटणं उडाली होती आणि एक बिजागरी दोरीनं बांधली होती. त्यावर तीही वेळ घालवायला बिळोबीळ खेळायची. पाच मिनिटांत तिचे चाळीस टोले व्हायचे, ते काही साप दया येऊन थांबायचे म्हणून.

मावशी रोज यायला लागली. पहिल्या दिवशी वरून 'टक... टक...' असा आवाज आला. चौथ्या दिवशी 'टक टक टक'. आठव्या दिवशी तर नुसतं 'टकटकटकटक'.

"पंख्याचं बेअरिंग गेलं वाटतं," खुशाल पुटपुटला आणि पंख्यात तेल सोडलं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी आकडा एकशे दहावर गेला आणि तिथंच राहिला. खुशालच्या डोळ्यांत पाणी आलं. पोतं त्याला आता कुठंच दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कातळावर सगळं जंगल जमलं. कप्तान होता गवा. खुशाल कॅबिनेट घेऊन निघाला तशी मावशीही मागून निघाली.

"तू कुठं, मावशी?"

"तू खोकं नेल्यावर मी काय करू? इथंच गारठून बसेन. मीही आपली खेळून बघते."

वाक्य एका दमात आलं होतं, पण खुशालचं लक्ष नव्हतं.

त्याची पाळी आली. यंत्र सुरू झालं. काय यंत्र चाललं म्हणून सांगू! ना निळा पडदा, ना अडखळणं. कातळावर गार वारा होता, त्यामुळे ते आणखी खुशीत होतं. कोपऱ्यात आकडा लखलखत होता, एकशे दहा.

खुशाल त्याच्याकडे बघत राहिला.

आकडा एकशे नऊ झाला. खुशाल पडद्याला नाक लावून बघायला लागला. तीन साप डोकी काढून गेले. पुन्हा एकशे दहा झाला. त्यानं समाधानानं श्वास सोडला. आणखी दोन गेले.

पाच मिनिटं संपली.

"एकशे एकतीस," गवा म्हणाला. "अरे, मागच्या वर्षी तुझे एकशे नव्वद होते ना?"

"पण वेग बघा ना, कप्तान! एकशे दहा!"

"वेग यंत्राचा. संघात यंत्र घ्यायचं का?"

सगळे हसले. त्याची आई मात्र हसली नाही. मामाला निरोप कुणाबरोबर पाठवावा, ते ती बघायला लागली.

शेवटची पाळी सगुणामावशीची. ती तापलेल्या कॅबिनेटवर पोट टेकून बसली, दोरी बांधलेला लॅपटॉप पुढ्यात घेतला आणि टकटकटकटक सुरू झालं.

दोनशे तीन टोले! कातळावर एकच गलका झाला.

आणि त्या गलक्यात एक खराखुरा नाग सरपटत आला. कॅबिनेटच्या मागून वर चढला. मावशीच्या शेपटीशी त्यानं फणा काढला.

कुणीतरी ओरडलं. ओरडणं अजून तोंडातच होतं, तोवर खुशालनं उडी मारून नागाची मान दाबून धरली होती. तो कधी उठला, कुठून गेला, कुणालाच दिसलं नाही. त्यालाही नाही.

"अरे सोड, मेल्या!" नाग ओरडला. "मी शेकायला आलो होतो! दिवसभर आमच्या डोक्यात टोले हाणायचे खेळ खेळता, आणि वर आमचाच गळा धरता?"

खुशालनं माफी मागून त्याला सोडलं. नाग पुटपुटत मावशीशेजारी वेटोळं करून बसला.

गवा मात्र डोळे विस्फारून बघत होता. "खुशाल, आत्ता हे काय केलंस?"

"कुठं काय?"

"असला वेग मी जन्मात पाहिला नाही. ऐक. नियम वाकवतो. तू पुन्हा खेळ. पण तुझ्या यंत्रावर नाही. सगुणाबाईंच्या लॅपटॉपवर."

"हो रे बाळा, घे," मावशी म्हणाली. "मला कुठं जागा हवीय? मी तर ऊब घ्यायला आले होते. तू दोनशेच्या वर गेलास की जागा तुझी."

खुशालला पोतं दिसलं. त्यानं लॅपटॉपकडे पंजा नेला. दोरी बघितली. उडालेली बटणं बघितली.

"यात वेगाचा आकडा कुठं दिसतो?"

"आकडा? यात बॅटरी किती उरली तेही दिसत नाही."

"मग चित्रं तरी किती निघतात सेकंदाला?"

मागून दामूकाका म्हणाले, "निघत असतील पंचवीस. अरे, तू खेळ ना! तुला तेवढी पुष्कळ आहेत."

पंचवीस! खुशालनं गर्दीकडे पाहिलं. सगळे मित्र उभे होते. एकशे दहावाला खुशाल पंचवीसवर खेळणार?

त्यानं पंजा मागे घेतला.

"नको," तो म्हणाला. "माझ्या लेव्हलचं नाही ते."

जागा सगुणामावशीला मिळाली. तिनं एकच अट घातली. सामन्याला बुडाखाली तेच कॅबिनेट हवं, आणि ते तापतं ठेवणाराही. गव्यानं मान डोलावली.

"मिळाली का जागा?" आईनं विचारलं.

"संघात आहे," खुशाल म्हणाला.

"खेळणार ना?"

"नाही. तापवणार."

आईनं कॅबिनेटकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "सामना झाला की मामाकडे खोकं घेऊनच जा. गोदामातही गारठा असतो म्हणतात."

घरी आल्यावर खुशालनं यंत्रातली दिवसभराची नोंद उघडली. त्यानं नागावर झेप घेतली त्याच क्षणी, नागाची शेपटी जाळीवर आल्यामुळे, आकडा एकशे आठवर उतरला होता.

"छ्या," तो हळहळला. "नेमका तेव्हाच वेग कमी पडला."

तात्पर्य : मुलांनो, ओव्हरक्लॉकिंग जरूर करावं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऊब मिळते. स्वतःच्या अंगात वेग आहे का, हे मात्र कधीही तपासायला जाऊ नये. त्याचा आकडा कोपऱ्यात दिसत नाही, आणि जे कोपऱ्यात दिसत नाही ते मित्रांना काय सांगणार?