अंधार मागणारे शिवाण्णा

लोडशेडिंगची वाट बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दिवे गेले की मुरगुडातली आमची अख्खी गल्ली सरकारच्या नावानं खडे फोडायची, आणि शेजारचे शिवाण्णा घाईघाईनं दुकानाच्या फळ्या लावून, कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला अडकवून सायकलवर टांग टाकायचे. वाटेत कुणी विचारलंच, "अण्णा, एवढ्या गडबडीनं कुठं?" तर पायडल न थांबवता म्हणायचे, "गेल्यात तंवर जाऊन येतो."

शिवाण्णांचा फोटो स्टुडिओ आमच्या घराला लागून. दुकानाचं नाव 'प्रकाश' आणि मालक दिवसरात्र अंधाराच्या मागं. दिवसा ते पोटापाण्याचे फोटो काढत, म्हणजे फॉर्मला लावायचे, लग्नातले, बारशातले. रात्री मात्र चांदण्यांचे. मधल्या वेळात एखादा उसाचा फड, वेदगंगेवरचं धुकं, माळावरची एकटी बाभळ. ते फोटो कुणीच विकत घेत नसे. "आमाला रोज फुकट दिसतंय की," असं गिऱ्हाईक तोंडावर सांगे, आणि अण्णा म्हणत, "दिसतंय, पण बघितलंय का?"

लोडशेडिंग नसलेल्या रात्री अण्णा अंधार मागून आणायचे. गावाबाहेरच्या वस्तीवर जाऊन दार वाजवायचं आणि म्हणायचं, "पावणं, तेवढा परड्यातला बल्ब घालवता का? जरा अंधार द्या की. अर्ध्या तासात परत करतो." माणसं आधी घाबरायची, मग हसायची आणि शेवटी बटण बंद करायची. एकदा तर ते एका वरातीपुढं उभे राहिले आणि जनरेटर बंद करायला सांगू लागले. तिथून ते सुखरूप परत आले, ते केवळ नवरदेवाच्या मामाचा फॉर्मचा फोटो त्यांनी चांगला काढला होता म्हणून.

गळीत हंगाम कधी सुरू होतो याकडं सगळ्या तालुक्याचे डोळे लागलेले असत. अण्णांचेही असत, पण उलट्या बाजूनं. बिद्रीच्या साखर कारखान्याचे दिवे लागले की तिकडच्या आभाळाला फिकटपणा यायचा. "चार म्हैने तिकडलं आभाळ गेलं बघा," असं ते ऊसवाल्यांच्या घोळक्यात उभं राहून म्हणायचे. त्यांना कुणी मारलं कसं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

आता कात्रीची गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं घडलं. तेव्हा कॅमेऱ्यात रोल असे. छत्तीस फोटोंचा रोल कोल्हापूरच्या लॅबमध्ये धुऊन यायचा आणि तिथला माणूस निगेटिव्हच्या पट्ट्या कापून द्यायचा. एकदा अण्णांनी रोलच्या सुरुवातीला पाच-सहा फोटो आभाळाचे काढले आणि उरलेल्या रोलवर एक लग्न. लॅबवाल्याला काळ्या आभाळात एक फोटो कुठं संपतो आणि दुसरा कुठं सुरू होतो, ते दिसेना. त्यानं अंदाजानं कात्री चालवली आणि त्याच मापानं शेवटपर्यंत कापत गेला. ऐन अक्षतांच्या फोटोत नवरा एका तुकड्यात आणि नवरी दुसऱ्यात. नवरदेवाचे वडील दुकानात आले तेव्हा मी तिथंच होतो. अण्णांनी हात जोडून माफी मागितली, सगळ्या घराचे फोटो पुन्हा काढून देतो म्हणाले, आणि मग राहवलं नाही म्हणून हळूच बोलले, "आभाळ मात्र सुरेख आलंया."

लॅबवाल्यानं मग उपाय सांगितला. आभाळाच्या आधी एक साधा, उजेडातला फोटो काढायचा. त्याची चौकट दिसली की तिथून मोजून कात्री बरोबर चालते. अण्णा त्याला 'खूण' म्हणू लागले. पण रात्री माळावर खुणेला उभं कोण राहणार?

तर आमचे आबा. म्हणजे माझे वडील. आमचं शेत गावापासून लांब, माळाला लागून. तिथून बिद्री सोडून बाकी सगळं आभाळ मोकळं दिसतं, म्हणून अण्णा तिथंच येत, आणि आबा राखणीला तिथंच असत. पण आबांनी जन्मात फोटो काढून घेतला नव्हता. आमच्या घरात भिंतीवर जेवढे फोटो होते तेवढी माणसं गेलेली होती. त्यावरून आबांनी हिशेब बांधला होता, "फोटू म्हंजे हार घालायची सोय. मला घाई न्हाय." माझ्या लग्नातसुद्धा फोटोच्या वेळी ते आचाऱ्याकडं जाऊन बसले.

अण्णांनी त्यांना बरोबर पकडलं. "आबा, ह्यो फोटो न्हवं. ही खूण हाय. बांधाला दगड असतोय तसा. कापून झालं की टाकून द्यायचं."

"टाकणार नक्की?"

"तुमच्यादेखत सांगतोय की."

दगड व्हायला आबांची हरकत नव्हती. ते बांधावर पोतं टाकून बसत, अण्णा फ्लॅश मारत, आबा डोळे चोळत "आटप लवकर" म्हणत, आणि मग कॅमेरा आभाळाकडं तोंड करून उघडा राही. तासभर दोघं तिथंच बसत. काय बोलत कुणास ठाऊक. मी एक-दोनदा जेवण घेऊन गेलो तर दोघंही गप्प होते, आणि मी आल्यामुळं त्यांच्या गप्पा मोडल्यासारखे माझ्याकडं बघत होते.

पहिला चांगला फोटो अण्णांनी घरी आणून दाखवला. जांभळाच्या झाडावर चांदण्यांच्या गोल गोल रेघा उमटल्या होत्या. आबांनी चष्मा वरखाली केला. "चांदण्या हलल्यात की रं."

"चांदण्या न्हाय हलल्या आबा. आपुन हललोय. पृथ्वी फिरतीया."

"तू हलला असशील," आबा म्हणाले. "मी पोत्यावर बसलोतो. मी हललो न्हाय."

अशी दहा-अकरा वर्षं गेली. अमावस्या आली की अण्णांची सायकल, नंतरच्या वर्षांत त्यांची लूना, आणि बांधावर ते पोतं. मग एका थंडीत आबा आजारी पडले आणि पंधरा दिवसांत गेले.

तेव्हा कळलं, घरात त्यांचा एकही फोटो नाही. मतदानाच्या ओळखपत्रावर एक होता, पण त्यात आबा सोडून कुणीही वाटत होते. आईनं ते कार्ड हातात घेतलं, उलटं केलं आणि ठेवून दिलं. "ह्यो कोण हाय," एवढंच म्हणाली. ती दिवसभर भिंतीकडं बघत बसायची. तिच्यासाठी मी नात्यातल्या सगळ्या लग्नांचे अल्बम चाळले. सगळीकडं आबा आचाऱ्याकडं गेलेले.

नवव्या दिवशी शिवाण्णा आले. हातात बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा. तो त्यांनी आईपुढं ठेवला आणि म्हणाले, "अक्का, मी आबांशी खोटं बोललो. एक बी खूण टाकली न्हाय."

डब्यात शंभराच्या वर आबा होते. पोत्यावर बसलेले, जांभई देणारे, छत्री धरलेले, बॅटरी रोखून अण्णांवर डाफरणारे. आई एकेक फोटो उजेडाकडं नेत होती. मिशी काळी होती, मग करडी झाली, मग पांढरी. एका फोटोवर तिनं बोट ठेवलं. "ह्यो मफलर मी विणल्याला. कवा घालायचंच न्हाईत, म्हणायचं टोचतोय." मफलर त्या फोटोतच नव्हे, पुढच्या सगळ्या हिवाळ्यांत होता. आई नऊ दिवसांनी पहिल्यांदा हसली, आणि मग पदर तोंडाला लावून रडली. शिवाण्णांचे उपकार मी कसे फेडणार होतो? मी नुसता त्यांचा हात धरून बसलो.

वरचे काही फोटो वेगळ्या कागदावर होते, जास्त स्वच्छ. मागच्या दोन वर्षांतले. ते बघताना माझ्या ध्यानात आलं की अण्णांनी दोन वर्षांपूर्वीच डिजिटल कॅमेरा घेतला होता. त्यात रोल नाही, पट्टी नाही.

मी हळू आवाजात विचारलं, "अण्णा, ह्यात कात्री कुठं लागते?"

अण्णा डब्याचं झाकण पुसत राहिले. त्यांना बायको-पोरं नव्हती, स्टुडिओच्या मागच्या खोलीत ते एकटेच राहत. मग म्हणाले, "खूण लागत न्हाय म्हटलं असतं, तर आबा कशाला बसलं असतं माझ्यापाशी?"

पुढच्या अमावस्येला दिवे गेले. लूना सुरू झाल्याचा आवाज आला तसा मी चपला घालून बाहेर पडलो आणि मागं बसलो. अण्णांनी लूना माळाकडं घेतली. माळावर पोहोचल्यावर त्यांनी पिशवीतून पोतं काढून बांधावर अंथरलं. मी त्यावर बसलो. त्यांनी कॅमेरा माझ्याकडं वळवला, आणि फ्लॅश मारायच्या आधी म्हणाले, "दत्ता, हलू नगंस. तुझा बाप कवा हलला न्हाय."