खोका म्हणायचं नाही

ऋतुजाच्या मोबाइलवरचं चित्र मलप्पा सरांनी आधी चष्म्यातून पाहिलं, मग चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं, आणि दोन्ही वेळा त्यांना एकच गोष्ट दिसली. लाकडी खोका.

“ह्याला वाद्य म्हणतेत?”

“काहोन म्हणतेत, अप्पा. ह्याच्यावर बसायचं आन् समोरच्या फळीवर हातानं वाजवायचं.”

“बसायचं? वाद्यावर?” सरांचा आवाज गल्लीभर ऐकू गेला. “आन् हे बाहेरून मागवलंस तू? खोका? माझ्या घरात बसून?”

मलप्पा सर उदगीरच्या एका शाळेत चौतीस वर्षं कार्यानुभव शिकवून निवृत्त झाले होते. ज्या विषयात सगळी पोरं पास होतात आणि ज्याचा तास गणिताचे सर हक्काने मागून घेतात, तो हा विषय. चौतीस वर्षं तास देऊन देऊन सरांकडे जो संताप शिल्लक राहिला होता तो आता घरात खर्च होत असे. त्या दिवशी त्यांनी ऋतुजाला समोर बसवून ऑर्डर रद्द करायला लावली.

“अप्पा, दसऱ्याला लातूरला कार्यक्रम हाय. बाराच दिवस राहिलेत.”

“आठ दिसांत देतो. तुझा बाप मेलाय का?”

ऋतुजाचा चेहरा उतरला. शेजारच्या पाशामियाँची मनतशा आणि ती, दोघींचा हा पहिलाच मोठा कार्यक्रम होता. मनतशा गिटार घेऊन गाणार आणि ऋतुजा ठेका धरणार, एवढाच त्यांचा वाद्यवृंद. खोका नसला तर ऋतुजाला स्टेजवर नुसत्या टाळ्या वाजवाव्या लागल्या असत्या.

पाशामियाँ सुतार. त्यांचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं. सर प्लाय घ्यायला तिथे गेले तेव्हा त्यांनी हातातला रंधा खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं.

“सर, बाकीच्या बाजू जाड घ्या. समोरची फळी मात्र पातळ. एकदम पातळ.”

“पातळ? मी पोरीला बसायला बनवायलोय पाशामियाँ, पापड ठेवायला न्हाई.”

“ती बसणार वर, सर. वाजणार समोर.”

“तुम्ही आतापोत्तर किती वाद्यं बनवली?”

“एकबी न्हाई.”

“मग?”

“तुम्ही किती बनवली?”

हा प्रश्न सरांना अत्यंत उद्धट वाटला. त्यांनी सहाही बाजूंना अर्ध्या इंचाहून जाड प्लाय घेतला आणि मान वर करून घरी आले.

पुढचे तीन दिवस मलप्पा सरांच्या बैठकीत भुसा उडत होता. तो सोफ्यावर बसला, टीव्हीवर बसला आणि त्यांच्या बायकोच्या, कावेरीबाईंच्या वरणातही उतरला. मागच्या बाजूला गोल भोक पाडायचं होतं; त्यासाठी सरांनी स्वयंपाकघरातल्या डब्याचं झाकण ठेवून पेन्सिल फिरवली. झाकण परत गेलं ते फेविकॉलसकट. चौथ्या दिवशी खोका उभा राहिला. काटकोन असे की पाहणाऱ्याने पाहत राहावं. ऋतुजा वर बसली आणि तिने फळीवर हात मारला.

ठक ठक. ठक.

शेजारी पाशामियाँच्या बायकोने, रहमतबींनी, दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. त्यांनी दार लावलं. ठक ठक. पुन्हा उघडलं. चौथ्या वेळी मात्र त्या तडक सरांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“सर, दार वाजवून पळून जाता काय? ह्या उमरीत?”

पाठोपाठ पाशामियाँ आले. त्यांनी कान खोक्याला लावला आणि दोन बोटांनी वाजवून पाहिलं.

“आवाज उम्दा हाय, सर. सागवानी दरवाजाचा हाय.”

सर त्या दिवशी जेवले नाहीत. प्लायवाल्या कंपनीवर चिडले, हवेतल्या ओलाव्यावर चिडले, आणि हे वाद्य शोधून काढणारा माणूस कोण होता त्याच्यावरही चिडले. दुसऱ्या दिवशी पाशामियाँच्या दुकानासमोरून न जाता ते लांबच्या रस्त्याने बाजारात गेले आणि पिशवीत लपवून एक पातळ फळी घेऊन आले. पुढची जाड फळी काढून ही बसवली.

ऋतुजाने फळीच्या मधोमध तळवा मारला. धुम्म! आवाज जमिनीतून वर आल्यासारखा पायांना कळला. मग तिने वरच्या कडेला बोटं मारली, तर तिथून टक्क असा कोरडा, नेमका आवाज आला. धुम्म, टक्क, धुधुम्म, टक्क. ऋतुजा हसायला लागली. सर खुर्चीत बसले आणि जवळजवळ मिनिटभर गप्प राहिले. समाधानाने गप्प बसायची सवय नसल्यामुळे त्यांना घाम आला. मग त्यांना संतापायला एक कारण सापडलं आणि बरं वाटलं. कारण असं, की घरात कोणालाच त्या वस्तूची किंमत नव्हती.

कावेरीबाईंनी त्याच्यावर घड्या घातलेले टॉवेल ठेवले. “खोका न्हाई तो! वाद्य हाय, वाद्य!” गॅसवाल्याने सिलिंडर क्षणभर टेकवला. “डोळे हायत का तुला? वाद्य हाय ते!” रहमतबी बोलायला आल्या आणि आरामात त्यावर बसल्या.

“उठा, उठा! वाद्यावर बसतेत काय?”

“ऋतुजा तर बसती.”

“ती वाजवायला बसती. तुम्ही बोलायला बसता.”

अशा चकमकी त्या आठवड्यात एकूण अकरा झाल्या. बारावी सगळ्यात मोठी होती. अष्टमीच्या दिवशी कावेरीबाईंनी भगरीचा डबा खोक्यावर ठेवला, आणि सरांचा चौतीस वर्षांचा तास एकदम भरला.

“तबल्यावर डबा ठेवचाल का तुम्ही? पखवाजाला पाय लावचाल का? वीणा असती तर हात जोडले असते! का? तर ती देवाच्या हातात दिसती म्हणून! आन् मलप्पानं बनवलं तर खोका? हे वाद्य हाय! देवासारखंच मानायचं असतंय! इथून पुढं ह्या घरात त्याला खोका म्हणायचं न्हाई!”

कावेरीबाई बोलायच्या कमी. ऐकलेलं मात्र नीट घडी घालून ठेवायच्या. त्यांनी डबा उचलला, खोक्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि “चुकलं,” म्हणाल्या. सरांना वाटलं, चला, एक तरी विद्यार्थी पास झाला.

खंडेनवमीला सर आंघोळ करून बाहेर आले तर बैठकीत पूजा मांडलेली. सरांची करवत, हातोडी, रंधा, पेचकस, ओळीने पाटावर; आणि मधोमध, रांगोळी घालून, वाद्य. समोरच्या फळीवर हळदी-कुंकवाची पाच बोटं, गळ्यात झेंडूचा हार, वर खणावर नारळ. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी फक्त हार वाकडा आहे एवढंच म्हटलं. स्वतः सरळ केला. फोटो काढून जुन्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. गणिताचे सरही तिथे होते.

तेवढ्यात ऋतुजा आली. “अव्वा, नारळ उचल की. प्रॅक्टिसला बसायचंय.”

“पुजलेल्यावर बसतीस?” कावेरीबाईंनी हातातली आरती खाली ठेवली. “लाज हाय का न्हाई?”

“अगं, पण ते बसायचंच हाय!”

“आता न्हाई. आता पूजा झाली.”

“मी बनवलंय ते,” सर मध्ये पडले. “मी सांगतो, बसू दे.”

“देव बी कुणीतरी बनवतोयच की. म्हणून त्याच्यावर बसतेत काय?”

सरांनी उगाच हार पुन्हा सरळ केला. वाक्य त्यांच्याच कारखान्यातलं होतं.

मग दिवसभर तोडगे निघाले. नारळ, हार बाजूला काढून देऊन कावेरीबाईंनी वाजवायला हरकत घेतली नाही. हरकत होती ती बसायला. ऋतुजाने वाद्य टेबलावर ठेवून उभ्याने वाजवलं. ते दर ठोक्याला मागे सरकत गेलं आणि सरांना पलीकडून धरून उभं राहावं लागलं. मग गुडघ्यांवर बसून वाजवलं; दहा मिनिटांत पाय सुन्न. बसणाऱ्याचं वजनच त्या वस्तूला जागेवर ठेवतं, आणि मांड्यांच्या मध्ये असल्याशिवाय हाताला ती नीट लागत नाही, हे सगळ्यांच्या ध्यानात आलं. पाशामियाँनी एक सुचवून पाहिलं.

“भाभी, वर पाट ठेवू. पोरगी पाटावर बसंल. पेटीवर न्हाई.”

“पाशाभाई, देवाच्या डोक्यावर पाट ठेवून बसलं तर चालंल का?”

पाशामियाँनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. “भाभी, ह्यात मी पडत न्हाई,” म्हणाले आणि निघून गेले.

नवीन मागवावं तर यायला चार दिवस. लातुरात कोणाकडे असेल म्हणून मनतशाने सात जणांना फोन केले, पाच जणांनी “ते काय असतंय?” असं विचारलं आणि दोघांनी उचललाच नाही. संध्याकाळी तिने हळूच विचारलं, “ऋतू, मग मी एकटीच गाऊ का?” ऋतुजा म्हणाली, “बघू,” आणि पलंगावर पालथी पडून उशीवर बोटांनी ठेका धरत राहिली. सरांनी दारातून ते पाहिलं. आवाज येत नव्हता, तरी त्यांना तो ऐकू आला.

दसऱ्याच्या सकाळी, टेम्पो यायला तासभर असताना, सर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आले.

“काय करायचं म्हणता?”

कावेरीबाई पुरण वाटत होत्या. त्यांनी वाटणं थांबवलं नाही.

“दोनच गोष्टी हायत. ते वाद्य असंल, तर मी केलं ते बराबर, आन् पोरगी बसणार न्हाई. खोका असंल, तर माझं चुकलं. येड्यावाणी खोक्याला हळद लावली म्हणून मी मलाच हसून घेते, आन् पोरीनं बसावं खुशाल. काय हाय ते तुम्ही सांगा. तुमच्या तोंडानं.”

“हा अन्याय हाय!”

“आसंल.”

“ही सरळसरळ अडवणूक हाय!”

“टेम्पो साडेदहाला हाय.”

सरांनी बैठकीत नजर टाकली. काटकोन, घासून गुळगुळीत केलेल्या कडा, मागचं हाताने पाडलेलं गोल भोक. शेजारी ऋतुजा नवा ड्रेस घालून, पण पायात काही न घालता, भिंतीला टेकून उभी होती.

“खोका,” सर म्हणाले.

“ऐकू न्हाई आलं.”

“खोका हाय! लाकडाचा खोका हाय! झालं समाधान?”

कावेरीबाईंनी हात धुतले, ओल्या फडक्याने हळदीची पाच बोटं पुसली आणि फडकं झटकत म्हणाल्या, “एक सांगून ठेवते. लातूरला जाऊन बदलायचं न्हाई. तिथं जर वाद्य म्हणालात, तर पुजलेल्यावर पोरगी बसलेली मला चालणार न्हाई. स्टेजवर चढून उठवून आणीन.”

ही पोकळ धमकी नव्हती. कावेरीबाईंनी पोकळ असं आयुष्यात काही केलं नव्हतं. ते खातं सरांकडे होतं.

लातूरपर्यंत सर टेम्पोत खिडकीकडे तोंड करून बसले. महाविद्यालयाच्या मैदानावर मांडव भरलेला होता. मनतशाने गिटार लावली, ऋतुजा खोक्यावर बसली, आणि पहिल्या धुम्मला पुढच्या चार रांगांनी मोबाइल वर केले. गाणं संपलं तेव्हा मागची पोरं खुर्च्यांवर उभी होती. अजून एक गाणं बाकी होतं, पण निवेदक पुढे आला.

“हे आगळंवेगळं वाद्य आपण पहिल्यांदाच पाहतोय! ऋतुजा, हे कुठून आणलं?”

“माझ्या अप्पांनी घरी बनवलं,” ऋतुजा म्हणाली. “ते बसलेत तिथं.”

सगळ्या माना वळल्या. एक स्वयंसेवक माइक घेऊन पळत आला आणि निवेदक म्हणाला, “सर, या वाद्याविषयी दोन शब्द बोलाच!”

सर उभे राहिले. दोन शब्द? त्यांच्याकडे पाऊण तासाचं तयार होतं: प्लायची जाडी, फळीचा ताण, भोकाचं माप. मांडव भरून माणसं होती, आणि एकालाही हा तास मागून घेता येणार नव्हता. कावेरीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी फक्त मांडीवरची पर्स शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि काढून ठेवलेल्या चपला पायांनी चाचपून एकेक करून घातल्या.

स्टेजवर ऋतुजा दोन्ही तळवे फळीवर टेकवून त्यांच्याकडे बघत होती.

“वाद्य बिद्य काही न्हाई,” सर माइकमध्ये म्हणाले. “खोका हाय.”

सगळा मांडव हसला आणि टाळ्या सुरू झाल्या.

“पाहा!” निवेदक गहिवरला. “एवढी कला अंगात, आणि म्हणतात खोका आहे! मित्रहो, याला म्हणतात नम्रता!”

“मी नम्र न्हाई!” सर ओरडले. माइक चालूच होता. टाळ्या दुप्पट झाल्या. समोरच्या रांगेतले एक पाहुणे तर उठून उभे राहिले.

सर खाली बसले. दुसरं गाणं सुरू झालं. धुम्म, टक्क, धुधुम्म. कावेरीबाईंनी पुन्हा चपला काढल्या, पाय दुमडून खुर्चीवर घेतले आणि मान डोलवू लागल्या. उद्याच संयोजकांना लेखी तक्रार द्यायची, सरांनी ठरवलं. जाहीर बदनामीची. पहिला मजकूर त्यांना सुचलाही. पण अर्जाच्या शेवटी खाली सहीच्या वर ‘आपला नम्र’ लिहावं लागतं, हे आठवलं आणि ते टाळ्यांपेक्षा त्या दोन शब्दांवर जास्त भडकले.